चांगीवरचा लेओव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान किंवा अमेरिकेला जाताना सिंगापूरच्या चांगी विमानतळावर चार ते चौदा तास थांबावं लागणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. व्हिसाचे नियम आणि टूरच्या वेळा बदलत असतात. निघण्याच्या आठवड्यात सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याचं, म्हणजे आयसीएचं, आणि चांगीचं अधिकृत संकेतस्थळ एकदा बघून घ्या.

तिकिटावर आठ तासांचा थांबा आहे. त्यातले आपल्या हातात किती?

शहरात जाणार असाल तर चारच्या आतच. मुंबईहून रात्री साडेअकराला निघालेलं विमान साधारण साडेपाच तासांत पोचतं. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे तुम्ही तिथल्या सकाळी साडेसातला उतरता. पुढचं विमान दुपारी साडेतीनला आहे असं धरू. विमानातून उतरणं, चालणं, इमिग्रेशन यात पाऊण तास गेला. शहरात मेट्रोने जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. विमान सुटायच्या दोन तास आधी विमानतळावर परत हवं, म्हणजे दीड वाजता. उरतात नऊ ते पावणेएक, पावणेचार तास. त्यात एक न्याहारी, एक फेरफटका आणि एक खरेदी बसते. यूट्यूबवर 'आठ तासांत सिंगापूर' दाखवणारे दहा ठिकाणं फिरतात, पण त्यांच्यासोबत सासूबाई आणि सात किलोची हँडबॅग नसते.

साधा हिशेब असा ठेवा: साडेपाच तासांपेक्षा कमी थांबा असेल तर शहराचा विचार सोडा. साडेपाच ते सात असेल तर ज्वेल, म्हणजे विमानतळाला लागूनचा काचेचा घुमट, किंवा विमानतळाची मोफत टूर. सातच्या पुढे स्वतःहून शहर.

भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पडता येतं का?

नुसत्या पासपोर्टवर नाही. भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो. तो अधिकृत एजंटांमार्फत काढता येतो, सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, त्यावर एजंटचे पैसे.

व्हिसा न काढता बाहेर पडायचा एक रस्ता आहे, ९६ तासांची व्हिसा-फ्री ट्रान्झिट सुविधा. ती भारतीय नागरिकांना मिळू शकते. त्यासाठी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, जपान, जर्मनी किंवा स्वित्झर्लंड यांपैकी एका देशाचा किमान एक महिना मुदत शिल्लक असलेला व्हिसा किंवा दीर्घ मुदतीचा पास लागतो, आणि ९६ तासांच्या आत पुढे जाणारं पक्कं तिकीट. मेलबर्नला मुलाकडे निघालेल्या आईवडिलांकडे ऑस्ट्रेलियाचा व्हिसा असतोच, त्यामुळे बरेच जण यात बसतात आणि त्यांना ते माहीतच नसतं.

लोक अडकतात ते दोन ठिकाणी. एक, मुंबई–सिंगापूर–मुंबई असा प्रवास यात बसत नाही. तुम्ही तिसऱ्या देशाकडे जात असला पाहिजे किंवा तिथून परतत असला पाहिजे. दोन, सिंगल एंट्री व्हिसा वापरून झाला असेल तर येताना ही सुविधा मिळण्यासाठी ज्या देशाने तो व्हिसा दिला तिथूनच थेट सिंगापूरला यावं लागतं. मधे आणखी कुठे चार दिवस काढून आलात तर गणित बिघडतं. आणि ही सुविधा म्हणजे हक्क नव्हे, प्रवेश द्यायचा की नाही हे खिडकीवरचा अधिकारी ठरवतो. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, ई-व्हिसा असतो. त्याच्या पत्राची आणि पुढच्या तिकिटाची छापील प्रत जवळ ठेवा. मोबाइल दाखवूनही काम होतं, पण रात्रभराच्या प्रवासानंतर बॅटरी चार टक्क्यांवर असते तीही नेमकी तेव्हाच.

एसजी अरायव्हल कार्ड म्हणजे काय? ते भरायलाच हवं का?

सिंगापूरमध्ये प्रवेश करणाऱ्याने आपली माहिती देण्यासाठी भरायचा हा अर्ज आहे. इमिग्रेशन पार करणार असाल तर हो, भरायलाच हवा. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, आणि ते मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं मधल्या दलालांची असतात. आतल्या आत विमान बदलणार असाल तर हे कार्ड लागत नाही. बाहेर जायचं की नाही ते ठरलं नसेल तरी भरून ठेवा. आणि हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे.

बॅगेचं काय? सिंगापूरला उचलावी लागते का?

दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असतील तर बहुधा नाही. बॅग थेट शेवटच्या गावी जाते. पण 'बहुधा'वर राहू नका. मुंबईच्या काउंटरवर बॅगेला लावलेली पट्टी स्वतः वाचा. त्यावर तीन अक्षरी कोड असतो: मेलबर्नसाठी एमईएल, सिडनीसाठी एसवायडी. शेवटचा मुक्काम म्हणून एसआयएन दिसलं तर बॅग सिंगापूरलाच उतरणार. तिथेच बोला, पट्टी बदलून घ्या. काउंटर सोडल्यावर हे काम दहापट अवघड होतं. पुढचा बोर्डिंग पासही तिथेच मागा. मिळाला नाही तर चांगीवर आतल्या ट्रान्सफर काउंटरवर घ्यावा लागतो.

खरा घोळ दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडून घेतली की होतो. पहिली कंपनी बॅग सिंगापूरपर्यंतच नेते. ती घ्यायला इमिग्रेशनच्या बाहेर जावं लागतं, बाहेर जायला व्हिसा किंवा वरची सुविधा लागते, आणि ती नसेल तर मुंबईलाच विमानात चढू देणार नाहीत. शिवाय पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीचा तुमच्याशी काही संबंध नसतो. नवं तिकीट स्वखर्चाने. वाचलेले आठ-दहा हजार इथे एका फटक्यात जातात.

टर्मिनल किती आहेत? हरवायला होतं का?

चार टर्मिनल आहेत आणि गेटचं अक्षरच टर्मिनल सांगतं. ए आणि बी म्हणजे टर्मिनल ३, सी आणि डी टर्मिनल १, ई आणि एफ टर्मिनल २, जी टर्मिनल ४. पहिली तीन स्कायट्रेनने आतल्या आत जोडलेली आहेत, चालतही जाता येतं. टर्मिनल ४ वेगळं पडतं, तिथे शटल बसने जावं लागतं. एक विमान तिकडे आणि दुसरं इकडे असेल तर अर्धा तास जादा धरा.

गेटवर किती आधी पोचायचं? मुंबईत सुरक्षा तपासणी झालीच आहे ना?

चांगीचा हा भाग आपल्याकडच्यापेक्षा वेगळा आहे. मुंबईत तपासणी एकदाच होते, मग गेटपर्यंत मोकळं रान. चांगीच्या टर्मिनल १, २ आणि ३ वर तपासणी गेटच्या तोंडाशी होते. म्हणजे दुकानं, बागा, खुर्च्या सगळं तपासणीच्या अलीकडे, आणि पलीकडे एक काचेची खोली. टर्मिनल ४ ला मात्र मुंबईसारखी एकत्र तपासणी आहे.

त्यामुळे तीन गोष्टी बदलतात. भरलेली पाण्याची बाटली गेटवर ओतून टाकावी लागते. तपासणीची रांग तुमच्याच विमानाच्या सगळ्या प्रवाशांची असते, म्हणून शेवटच्या वीस मिनिटांत जाणारे घामाघूम होतात. आणि एकदा आत गेल्यावर काही गेटांना स्वच्छतागृह नसतं. आत शिरण्याआधी जाऊन या, विशेषतः लहान मुलं आणि मधुमेह असलेली मंडळी सोबत असतील तर. उड्डाणाच्या साधारण तासभर आधी गेटपाशी असलेलं बरं. घोषणा होईल म्हणून बसून राहू नका, फलक बघा. आणि घड्याळ सिंगापूरच्या वेळेला लावलंय ना, तेही बघा. मनगटावर भारतीय वेळ ठेवून 'अजून अडीच तास आहेत' म्हणत निवांत बसलेल्या माणसाचं विमान त्या क्षणी सुटत असतं.

बाहेर जायचं नाही किंवा जाता येत नाही. आत करण्यासारखं काय आहे?

फुलपाखरांची बाग टर्मिनल ३ मध्ये आहे, मोफत. सकाळी जा, उजेड असताना फुलपाखरं उडत असतात; अंधार पडला की पानांखाली बसलेली शोधत बसावं लागतं. आत दमट आणि गरम असतं, स्वेटर काढूनच शिरा. टर्मिनल १ च्या गच्चीवर निवडुंगाची बाग आहे, टर्मिनल २ च्या गच्चीवर सूर्यफुलांची. तिथून विमानं दिसतात आणि बारा तास एसीत काढलेल्या माणसाला उघडी हवा मिळते, जिची किंमत तिथे गेल्यावरच कळते. टर्मिनल ३ मध्ये मोफत सिनेमागृहही आहे.

ज्वेलमधला प्रसिद्ध धबधबा इमिग्रेशनच्या बाहेर आहे. पण टर्मिनल ३ कडे जाणारी स्कायट्रेन ज्वेलच्या आतून, धबधब्याच्या शेजारून जाते. व्हिसा नसलेल्यांना तो काचेतून काही सेकंद फुकट दिसतो. मोबाइल आधीच सुरू ठेवा.

झोपायचं असेल तर प्रत्येक टर्मिनलमध्ये आडवं होता येईल अशा खुर्च्यांचे कोपरे आहेत. रात्री अकरानंतर ते भरतात, आधी जाऊन जागा धरा. एसी कडक असतो. एक शाल आणि पायमोजे हँडबॅगेत वरच हवेत, चेक-इन बॅगेत गेलेली शाल मेलबर्नलाच भेटते. सहा तासांपेक्षा जास्त थांबा आणि वय साठच्या पुढे असेल तर आतलं ट्रान्झिट हॉटेल घ्या. तिथे खोल्या रात्रीच्या नव्हे, तासांच्या हिशेबाने मिळतात आणि इमिग्रेशन पार करावं लागत नाही. आधी आरक्षण करा, आयत्या वेळी मिळत नाहीत. आणि नीट बघून करा: टर्मिनल ३ चं मोठं हॉटेल आणि ज्वेलमधलं हॉटेल बाहेरच्या बाजूला आहेत, व्हिसाशिवाय तिथे पोचताच येणार नाही.

ज्वेलला किती वेळ लागतो?

जाऊन-येऊन, बघून, खाऊन दोन ते अडीच तास. टर्मिनल १ ला ज्वेल लागूनच आहे, २ आणि ३ वरून सरकत्या पट्ट्यांच्या पुलाने चालत जाता येतं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या काचेच्या घुमटाचे वास्तुरचनाकार मोशे साफ्दी. मधला धबधबा ४० मीटर उंचीवरून पडतो, म्हणजे तेरा मजली इमारतीएवढा. तो आणि भोवतीची झाडी बघायला पैसे नाहीत. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या उद्यानाला तिकीट आहे. संध्याकाळी धबधब्यावर दिव्यांचा खेळ होतो. धबधबा रात्रभर चालू नसतो, पहाटे तीनला गेलात तर नुसता घुमट बघून याल.

मोफत टूर खरंच मोफत आहे? कशी घ्यायची?

खरंच मोफत. थांबा किमान साडेपाच तासांचा आणि २४ तासांच्या आतला हवा. टूर अडीच तासांची, बसने नेतात आणि आणतात. शहराचे वेगवेगळे मार्ग आहेत आणि ज्वेलचीही एक टूर आहे. सिंगापूरमध्ये प्रवेशाची पात्रता इथेही लागतेच, टूर आहे म्हणून व्हिसा माफ होत नाही.

ऑनलाइन आधी जागा धरता येते, आणि आतल्या भागात टर्मिनल २ व ३ मध्ये काउंटर आहेत. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे उतरल्या उतरल्या सवयीने सरळ इमिग्रेशन पार करणं. नोंदणी आतल्या बाजूला असते. बाहेर पडलात की टूर गेली. आधी काउंटर, मग त्यांच्यासोबत इमिग्रेशन.

ज्येष्ठांसाठी आणि पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी ही टूर स्वतः फिरण्यापेक्षा कितीतरी बरी. वेळेवर परत आणण्याची काळजी दुसरं कोणीतरी करतं. मात्र ठरलेल्या ठिकाणी ठरलेली मिनिटं, मसाला डोसा खायला बस थांबत नाही.

स्वतःहून शहरात जायचं तर कसं आणि कुठे?

मेट्रो. स्टेशन टर्मिनल २ आणि ३ च्या मधे खाली आहे. पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होते, रात्री अकरानंतर थोड्या वेळात बंद. तिकीट काढायला लागत नाही: व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड फाटकावर टेकवायचं, बाहेर पडताना तेच कार्ड परत टेकवायचं. परदेशी कार्डावर दिवसाला ६० सेंट जादा लागतात. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड हवं. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत.

कार्ड चालत नाही ही तक्रार फार येते आणि कारण बहुधा घरचंच असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डांवर आंतरराष्ट्रीय आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन दोन्ही वेगवेगळे सुरू करावे लागतात. हे मुंबईतच करा, कारण ओटीपी भारतीय सिमवर येतो आणि सिंगापूरला तुमचं रोमिंग चालू असेलच असं नाही.

न्याहारीसाठी लिटल इंडिया हा सगळ्यात सोपा पर्याय. विमानतळावरून एक स्टेशन एक्स्पोपर्यंत, तिथे निळी डाउनटाउन लाइन पकडायची. लिटल इंडिया नावाचं स्टेशन याच लाइनवर आहे, पण तिथे उतरू नका. लाइन शहराला अख्खा वळसा घालून तिथे पोचते. त्याच्या बरीच आधी जलान बेसार लागतं, एक्स्पोपासून तेरावं स्टेशन. तिथून सेरंगून रोड चालत दहा-बारा मिनिटांवर. गाडीतली वीसेक मिनिटं वाचतात. सेरंगून रोडवर १९४७ पासून कोमला विलास आहे: इडली, डोसा, पोंगल, कॉफी, सगळं शाकाहारी. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी सांबाराबद्दल विचारून घ्यावं. त्याच रस्त्यावर वीरमाकालीअम्मन मंदिर आहे. दुपारी ते बंद असतं, दर्शन सकाळीच उरका.

संध्याकाळचा थांबा असेल तर गार्डन्स बाय द बे. याच निळ्या लाइनवर बेफ्रंट स्टेशन. ते थोडं लांब पडतं, जायला तास धरा. मोठ्या कृत्रिम झाडांवरचा दिव्यांचा कार्यक्रम पावणेआठला आणि पावणेनऊला असतो, मोफत. काचेच्या दोन घुमटांना मात्र तिकीट आहे आणि त्यांना दोन तास लागतात. लेओव्हरमध्ये ते सोडा.

घाईत टॅक्सी: शहर साधारण २० किलोमीटर, अर्धा तास. मीटरवर विमानतळाचा अधिभार पडतो, आणि मध्यरात्री ते सकाळी सहा भाड्यावर निम्मं जादा.

मेट्रोत खायला-प्यायला बंदी आहे, पाणीसुद्धा. दंड ५०० डॉलरपर्यंत. चिवड्याची पिशवी विमानतळावरच संपवा. आणि हॉटेलच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिक-चिन्हं दिसली तर त्यात १० टक्के सेवाशुल्क आणि वर ९ टक्के जीएसटी मिळवायचाय. दहाचं बिल बाराला जातं.

सोबत काय नेऊ नये?

गुटखा, खैनी, जर्दा, कुठलाही चघळायचा तंबाखू सिंगापूरमध्ये आणायला बंदी आहे. खिशातली एक पुडीसुद्धा. ई-सिगारेटवरही बंदी आहे आणि त्याबाबत तिथे अजिबात गंमत चालत नाही. सिगारेटला करमाफी शून्य, एका पाकिटावरही शुल्क. च्युइंगगम आणू नये.

दिवाळीच्या फराळात एक खाचखळगा आहे: खसखस सिंगापूरमध्ये नियंत्रित मालाच्या यादीत आहे. खसखशीत थापलेले अनारसे हँडबॅगेत घेऊन बाहेर पडायचा बेत असेल तर तो डबा थेट जाणाऱ्या बॅगेत टाका, आणि पुढच्या देशाचा नियमही बघा. आखाती देशांत, दुबईत वगैरे, खसखशीला थेट बंदी आहे.

आईवडील एकटे येणार आहेत, इंग्रजी जेमतेम. व्हीलचेअर मागावी का?

पायांसाठी नाही, वाटेसाठी मागावी असं अनेक जण ठरवतात. फायदा आहे: दारापासून गेटपर्यंत माणूस सोबत असतो. पण थांबा लांब असेल तर त्याची दुसरी बाजूही कळू द्या. व्हीलचेअरवरच्या प्रवाशांना बहुधा एका ठरलेल्या जागी बसवून ठेवतात आणि उड्डाणाआधी नेतात. बाग, सिनेमा, ज्वेल हे सगळं त्यात नसतं. दोन तासांच्या थांब्याला व्हीलचेअर उत्तम. आठ तासांच्या थांब्याला चालते-फिरते असलेल्यांसाठी ती कंटाळवाणी होते. मागायची तर तिकीट काढतानाच किंवा किमान ४८ तास आधी कंपनीला कळवा.

एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या: पुढच्या विमानाचा क्रमांक, सिंगापूरची वेळ, 'गेटसाठी फलक बघा', आणि मुलाचा नंबर देशाच्या कोडसह. वायफाय विमानतळावर मोफत आहे, पण ते जोडायचं कसं हे घरीच एकदा करून दाखवा. औषधं दोन दिवसांची हँडबॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. अडीच तासांच्या फरकामुळे गोळी चुकवू नये. रक्तदाबाची सकाळची गोळी तिथल्या सकाळी घेतली तर चालेल का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन चेक-इन बॅगेत टाकू नका, तिथे ते गोठू शकतं.

शाकाहारी खाणं आत मिळतं, पण पहाटे तीनला सगळे काउंटर उघडे नसतात. ठेपले, दशम्या, खाकरे सोबत असले की प्रश्न मिटतो. लोणचं आणि चटणी मात्र पातळ पदार्थात मोजली जातात. १०० मिलिलिटरच्या वरची बरणी गेटवर काढून घेतात, आणि आईने वर्षभराचं म्हणून दिलेली कैरी तिथे टोपलीत जाते.

ड्यूटी-फ्री दारू कुठे घ्यावी?

जाताना घ्यायची तर चांगीवर घ्या, मुंबईत नको. मुंबईत घेतलेली बाटली सीलबंद पिशवीत आणि पावतीसह असेल तर चांगीच्या गेटवर चालते. पण पिशवी मधे फोडली, एखादा घोट घेतला किंवा शहरात फेरी मारून परत आत आलात, की तपासणीत अडकते. परत येताना भारतात माणशी २ लिटरपर्यंत करमुक्त आहे. येताना मुंबईला उतरून पुढे पुणे-नागपूर-गोव्याचं देशांतर्गत विमान पकडायचं असेल तर बॅग मुंबईत कस्टमसाठी हाती येतेच. तेव्हाच बाटल्या हँडबॅगेतून काढून चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवा. पुढच्या तपासणीला त्या हातात असल्या तर जाणार नाहीत.